जागेवर धोंडा

आमची घंटागाडी आता कचऱ्यापेक्षा निर्णयच जास्त वाहते. सकाळी आठला गाणं थांबतं आणि भोंग्यातून नगरपंचायतीचे ठराव सुरू होतात. पाणी दिवसाआड, ओला कचरा वेगळा, मोकाट जनावरं बांधून ठेवा. लोक बादली उपडी करता करता ऐकतात आणि गाडी वळली की विसरतात. पण मागच्या महिन्यातला एक ठराव कुणी विसरलं नाही. सोमवारचा बाजार रस्त्यावरून उठून एसटी स्टँडमागच्या नव्या ओट्यांवर जाणार होता, आणि पाहणीच्या दिवशी जो जिथं बसलेला असेल त्याच क्रमानं ओटे मिळणार होते.

त्या सोमवारी झाडून सगळे बसले. तापानं फणफणलेले बसले, एकमेकांशी अबोला असलेले खेटून बसले, चार वर्षांत तोंड न दाखवलेला एक बांगडीवालाही येऊन बसला. बसली नाही ती एकटी सुलाबाई.

सुलाबाई दुष्काळी माण तालुक्यातली. दहिवडीकडून पहिल्या गाडीनं हुलगे आणि मटकीची दोन पोती घेऊन येते. तिची जागा रांगेत पहिली, अगदी कोपऱ्यावर, त्यामुळं दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक तिच्यापुढूनच वळतं. पाहणीच्या चार दिवस आधी तिची सासू वारली. आमच्या बाजारात रिवाज असा की कुणाच्या घरातलं माणूस गेलं तर शेजाऱ्यानं त्याच्या जागेवर पोतं अंथरायचं, वर धोंडा ठेवायचा, आणि सुतक फिटेपर्यंत तिथं कुणी बसायचं नाही. शेजारच्या बनुबाईनं सकाळी आल्या आल्या ते केलं होतं.

नगरपंचायतीचा कारकून ऋषिराज ट्याब घेऊन आला. पोरगा कष्टाळू, पण पुण्यात वाढलेला. त्याच्या ट्याबात धोंड्यासाठी रकाना नव्हता. त्यानं 'रिकामी' असं नोंदवलं आणि पुढं सरकला. पाच-पन्नास माणसं बघत होती, पण त्याला काही सांगावं असं एकालाही वाटलं नाही. तो धोंडा कशाचा हे न कळणारा माणूस जगात असू शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

यादी लागली. सुलाबाईचं नाव नाही, आणि कोपऱ्याचा एक नंबरचा ओटा बनुबाईच्या नावावर.

बनुबाई कोरेगावकडची, पाटाच्या पाण्यावरची वांगी-मिरची विकणारी. कोपऱ्यावाल्यांची पोती अकरालाच झटकून होतात आणि आपण दिवस मावळेपर्यंत कोथिंबिरीवर पाणी मारत बसायचं, हे गाऱ्हाणं वीस वर्षांत तिनं एक सोमवार चुकवलेलं नव्हतं. यादी लागल्यावर मात्र ती गप्प झाली. माझ्या हिशेबात हे लक्षण चांगलं नव्हतं.

सुतक फिटल्यावर सुलाबाई आली, यादी वाचून घेतली, आणि तिनं हरकतीचा अर्ज दिला. मुख्याधिकारी म्हणाले, शेजारच्या विक्रेत्यानं येऊन सांगितलं तर नाव घेऊ, नाहीतर मागं कुंपणाजवळ बसायची सोय करू. कुंपणाजवळ कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सुलाबाईचा मुलगा मुंबईत आहे, पण त्याचं त्यालाच पुरत नाही. घर चालतं ते त्या दोन पोत्यांवर.

तरी ती बनुबाईकडं गेली नाही. लोकांनी खूप टोचलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "मी मागितलं तर ती न्हाई म्हणायची न्हाई. पर मग ती जागा माजी ऱ्हाईल व्हय? तिनं दिल्याली हुईल."

सुनावणीला बनुबाई इस्त्रीचं लुगडं नेसून आली. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी शेजारची जागा रिकामी होती का?

"व्हय सायेब, मोकळी हुती."

सुलाबाईनं मान खाली घातली. ऋषिराजला जरा हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"मीच मोकळी ठिवली," बनुबाई म्हणाली. "माणूस गेलं हुतं तिच्यात. त्या जागंवर तुमी सोता आला असता, तरी बसू दिलं नसतं."

साहेबांनी समजावलं की सुलाबाईचं नाव घेतलं तर सगळी यादी एकेक खाली सरकेल, आणि कोपरा तुमच्याकडून जाईल. बनुबाई म्हणाली, एक नंबर गेला की दोन नंबर येतो एवढं आपल्याला कळतं. मग ती ऋषिराजकडं वळली. "आन तू रं, धोंडा दिसला की इचारत जा." ऋषिराजनं मान हलवली आणि ट्याबात काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी नवा बाजार भरला. अकरा वाजता एक नंबरवरची पोती झटकून झाली. दोन नंबरवर कोथिंबिरीवर पाणी मारणं चालू होतं, आणि कोपऱ्यावाल्यांचं कसं बरं असतं हेही सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं चालू होतं. सुलाबाईनं हात लांब करून बनुबाईची कोथिंबिरीची पाटी आपल्या ओट्यावर ओढून घेतली आणि गिऱ्हाइकाला हाळी दिली.

"मोजून घे," बनुबाई म्हणाली. "तेवीस जुड्या हायत."

सुलाबाईनं मोजल्या. "बावीस हायत."

एसटी लागेपर्यंत तो वाद मिटला नव्हता. जुड्या मात्र त्याआधीच संपल्या होत्या.