चौदा वेळा खुशाल

१९९४ साली मी बदलापुरात, कात्रपला, म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवायचा धंदा काढला. कल्पना साधी होती. प्रत्येक इमारतीतली मुलं-सुना सकाळी सातला कामाला जायची आणि मागे एक म्हातारं माणूस आणि गॅसची शेगडी एवढंच उरायचं. बाजारपेठ प्रचंड होती. ती फक्त माझ्याकडे यायला तयार नव्हती.

पेटीचं नाव मी 'खुशाली' ठेवलं. गिऱ्हाइकाच्या घरात एक बटण, तिथून भिंतीवरून वायर, आणि आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवे. सकाळी सात ते आठमध्ये बटण दाबलं की हिरवा. आठपर्यंत दाबलं नाही की लाल. लाल लागला की मी किल्ली घेऊन धावायचं आणि आईने रजिस्टरमध्ये नोंद करायची. धंदा वायरीइतकाच लांब जाणार होता आणि माझी वायर आमच्याच इमारतीत संपली. त्यामुळे पहिलं आणि एकुलतं एक गिऱ्हाईक आमच्या वरच्याच मजल्यावरचं: कुमुदकाकू, वय चौऱ्याहत्तर.

काकूंचा मुलगा शरदचंद्र बडोद्याला इंजिनिअर होता. आईने बडोद्याला यावं असं त्याचं म्हणणं. काकूंना जायचं नव्हतं. "तिथे मी पाहुणी," त्या म्हणायच्या. "पाहुणीला स्वतःच्या हाताने चहा करून घेता येत नाही." शेवटी शरदचंद्रने टाइप केलेलं पत्र पाठवलं. वर्षभर खुशाली लावावी. वर्षात लाल दिवा तीनदा लागला तर आई एकटी राहू शकत नाही असं समजून फ्लॅट विकण्यात येईल. खाली सही, आणि सहीखाली 'तुझा शरद'.

पहिला लाल दिवा पहिल्याच दिवशी लागला. मी धावत वर गेलो. काकू देवापुढे बसल्या होत्या, ठणठणीत.

"काकू, बटण?"

"सोवळ्यात आहे मी. ते बटण कुणाकुणाच्या हातचं, मला काय माहीत?"

"मग आंघोळीच्या आधी दाबा."

"आंघोळ सहाला. तुझी पेटी उघडते सातला. पूजा संपते साडेनऊला. तूच बघ."

मी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये गेलो आणि टाळी वाजवली की दिवा लागणाऱ्या खेळण्याचं सर्किट आणलं. दुकानदाराला विचारलं, "गॅरंटी?" तो म्हणाला, "साईं, गॅरंटी मेरी पक्की है. माल का मैं क्या बोलूं." ते सर्किट देवघराच्या मागे बसवलं. आता काकूंनी पूजेची घंटा वाजवली की आमच्याकडे हिरवा दिवा लागायचा. शरदचंद्रने कळवलं, ठीक आहे, पण यापुढे यंत्रात बदल केल्यास तोही एक लाल दिवा धरण्यात येईल.

दुसरा लाल दिवा लागला तेव्हा काकू आमच्याच घरात होत्या. पूजेला बसायच्या आधी आईने नवं लोणचं चाखायला बोलावलं होतं, आठ कधी वाजले कळलं नाही.

काकूंनी दिव्याकडे बघितलं. "उमा, माझं काहीतरी झालेलं दिसतंय."

आईने रजिस्टर काढलं. मी किल्ली घेऊन वर गेलो, रिकामं घर तपासलं, खाली आलो आणि काकूंना सांगितलं की वर त्या नाहीत. मग स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून बडोद्याला फोन केला.

"आई कुठे आहे?" शरदचंद्रने विचारलं.

"आमच्याकडे. लोणचं खातायत."

"म्हणजे नीट आहे. पण दिवा लाल होता ना?"

"हो."

"मग दोन झाले."

एक शिल्लक राहिला.

मंगळवारी दुपारी पोस्टमन हरिचंद्र वर आला. मी वायरीला चिकटपट्टी लावत होतो. त्याच्या हातातल्या पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे आमच्याकडे वाचता न येणाऱ्यालाही वाचता येतं. पाठवणाऱ्याचा पत्ता कोकणातल्या गावचा, म्हणजे काकूंच्या सासरचा. सासरचं माणूस गेलं की सुतक. सुतकात पूजा बंद. पूजा बंद की घंटा बंद. पुढचं मला रंगीत दिसू लागलं.

काकूंनी कोपरा पाहिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मधू, कार्ड कपाटावर ठेव. चष्मा दुरुस्तीला दिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"मी वाचून दाखवू?" हरिचंद्र म्हणाला.

"तू दुसऱ्याची पत्रं वाचतोस का रे?"

हरिचंद्र गेला. काकू शांतपणे म्हणाल्या, "सुतक कळल्यापासून लागतं. जितकं उशिरा कळेल तितकं कमी. वर्षाने कळलं तर नुसती आंघोळ."

"काकू, मी जुनं बटण परत बसवतो. मग घंटेचा प्रश्नच नाही."

"आणि शरद तो तिसरा धरेल. शिवाय बटण कशाला? काही झालंय का?"

"नाही."

"मग?"

"सुतकात नुसती घंटा वाजवली तर?"

"देव काय तुझं गिऱ्हाईक आहे?"

"मी वाजवतो."

"तू वाजवलीस तर खुशाल तू. मी कुठे?"

अख्ख्या इमारतीला सांगावं लागलं की काकूंना काही सांगायचं नाही. कुणाला काहीच माहीत नसल्याने ते सोपं गेलं. घंटा रोज वाजत राहिली, दिवा रोज हिरवा. काकू मात्र कपाटाच्या बाजूने जाताना पदर सावरून जायच्या, जणू तिथे कुणी वडीलधारं बसलंय.

सातव्या दिवशी सकाळी नऊला शरदचंद्र स्वतः दारात उभा राहिला. गावी निघाला होता, खांद्याला बॅग. मीच त्याला वर घेऊन गेलो. काकूंची पूजा चालू होती. एरवी आल्या आल्या देवाला नमस्कार करणारा माणूस देवघरापासून चार हात लांब थांबला. काकूंनी ते बघितलं नाही.

"आई, एक सांगायचंय."

काकूंनी घंटा वाजवली.

तो थांबला. घंटा थांबली. "आई, गावाहून कार्ड..."

घंटा.

"अगं, ऐक तरी."

घंटा. काकू सोवळ्यात, तो सुतकात. त्यांच्या हातून घंटा काढून घेणं धर्माने कुणालाच शक्य नव्हतं. त्याने खुणा करून बघितल्या, काकूंनी डोळे मिटून घेतले. मधल्या शांततेत त्यांनी त्याला प्रवास कसा झाला, सूनबाईची कंबर कशी आहे, हे सगळं विचारलं. त्याने उत्तर देऊन पुढचा श्वास घेतला की घंटा.

खालून आई ओरडली, "मधू, काकू फारच खुशाल आहेत रे. चौदा झाले."

शरदचंद्र मग जिन्यात येऊन बसला. कपाटावरचं कार्ड त्याने जाता जाता पाहिलं होतं.

"कधी आलं?"

"मंगळवारी."

"आणि हिने वाचलं नाही."

"चष्मा दुरुस्तीला दिलाय."

"नाकावर होता की."

मी चिकटपट्टीचं टोक शोधू लागलो. धंद्यात गिऱ्हाइकाची गुप्तता पाळावी लागते.

"म्हणजे सुतक लागलं की घंटा बंद, आणि तिसरा लाल," तो म्हणाला. मग माझ्या आईकडून रजिस्टर मागवलं आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'तीन दिव्यांची अट रद्द. फ्लॅट विकायचा नाही.' सही केली. "मी गेल्यावर तिला दाखव. आणि मग ते कार्ड."

पूजा आटोपल्यावर काकूंनी ते पान दोनदा वाचलं. सही अंगठ्याने पुसली जाते का तेही पाहिलं. मग चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला आणि हात पुढे केला. मी कार्ड दिलं.

"चिंतामणी," त्या म्हणाल्या. धाकटा दीर.

कार्डाचा फाटका कोपरा चाचपत म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा तो नऊ वर्षांचा. माझी चप्पल आडात टाकली होती त्याने. काढून देतो म्हणाला होता."

कार्ड त्यांनी उलटं करून मांडीवर ठेवलं. "सुतक उरलंय दोन दिवस. बाकीचे मी त्याचे चुकवले."

दुसऱ्या दिवशी आठला लाल दिवा लागला. मी किल्ली घेतली. सुतकातल्या घरी चहा घेत नाहीत म्हणून आईने आमचाच चहा थर्मासात भरून दिला. काकूंनी स्वतः दार उघडलं, अर्धा कप प्यायल्या आणि म्हणाल्या, "उमाला सांग, आलं कमी आहे."

खाली येऊन मी आईला आल्याचं सांगितलं. तिने रजिस्टरमध्ये लिहिलं: लाल. खुशाल.