आतली कड

"एवढंच सांगा मिस्त्री, टायर गेलाय हे तुम्ही ह्यांना सांगितलं होतं की नव्हतं?"

मिस्त्री गॅरेजातल्या व्हील अलाइनमेंटच्या खड्ड्यातून वर आला, तेव्हा ती बाई समोर उभी होती. मागे टॅक्सीत तिची मुलगी बसली होती. अकरा-बारा वर्षांची, पाय प्लास्टरमध्ये.

बावीस दिवसांपूर्वी, भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर, गाडीचा पुढचा टायर फुटून तिचा नवरा गेला होता. शेजारी बसलेली मुलगी तेवढी वाचली.

"लोक म्हणतात, माहीत असून गाडी काढली. माहीत असून पोरीला शेजारी बसवलं असेल, तर मी त्यांना माफ कसं..." तिने टॅक्सीकडे बोट केलं. "आणि ही त्या दिवसापासून तोंडच उघडत नाही. काही विचारलं की भिंतीकडे वळते."

मिस्त्रीने टॅक्सीकडे पाहिलं. मुलगी त्याच्याकडेच बघत होती.

अपघाताच्या आधीच्या शनिवारी ती बापाबरोबर इथे आली होती. गाडी डावीकडे ओढत होती. मिस्त्रीने दिवा धरून साहेबांना खड्ड्यात बोलावलं, तेव्हा तीही काठावर उकिडवी बसून वाकून बघत होती. टायर बाहेरून चांगला दिसत होता, पण आतली कड पार तारा दिसेपर्यंत झिजली होती.

"हात लावून बघा. चाकं मी सरळ करून देतो, पण हा टायर आजच बदला. ह्याचा भरवसा नाही."

"मिस्त्री, तुम्ही डॉक्टरपेक्षा जास्त घाबरवता," साहेब हसले होते. "पुढच्या आठवड्यात नक्की." मग मुलीला टपली मारून, "आईला सांगायचं नाही हं. घरात कोंडून ठेवेल आपल्याला."

मुलीने बापाला टाळी दिली होती.

मिस्त्रीने चाकं सरळ करून दिली. एक चक्कर मारून आलेले साहेब खूश होते. "बाणासारखी चालते हो!" तेच शब्द आता मिस्त्रीला सोडत नव्हते. गाडी ओढतच राहिली असती, तर तो माणूस थोडा तरी भ्याला असता.

"नाही ताई," तो म्हणाला. "नाही सांगितलं. आतली कड बघायची राहून गेली माझ्याकडून. साहेबांना काहीच माहीत नव्हतं."

टायर उतरवत बसलेला त्याचा मेहुणा ताडकन उठला. "दाजी, काय बोलताय काय! माझ्यासमोर तर—"

"तू गप्प बस."

ती मिस्त्रीकडे बघत राहिली. "किती वर्षं करताय हे काम?"

"पंचवीस."

"आणि झोप लागते तुम्हाला?"

"नाही लागत." एवढं मात्र त्याने खरं सांगितलं.

ती वळली. टॅक्सीत बसताना तिचा आवाज ऐकू आला, "बाबांना माहीत नव्हतं गं. काही काही माहीत नव्हतं त्यांना." मुलगी एकदम हंबरडा फोडून रडू लागली. आईने तिला कवटाळलं. टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते रडणं येत राहिलं.

"धंद्याची माती केलीत, दाजी," मेहुणा म्हणाला. "मी होतो ना साक्षीला! ती पोरगी होती की तिथे!"

"म्हणूनच," मिस्त्री म्हणाला.

हात पुसून त्याने पुढच्या गाडीला खूण केली. पण त्या गाडीच्या मालकाने सगळं ऐकलं होतं. त्याने नजर चुकवून काच वर केली आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. बाहेरचा रस्ता वाहता होता, मागचं त्याला काही दिसत नव्हतं.

मिस्त्री धावत रस्त्यावर गेला. येणारी वाहनं हाताने थोपवून धरत ओरडला,

"येऊ द्या... येऊ द्या... थोडं डावीकडे... हां, आता जा."