मुक्या चौकटीचा भाव

मी चित्रकथेचा सतरावा कागद बोलतो आहे. छापील प्रत नव्हे! छापील प्रती हजारांनी निघाल्या, आणि वाचून झाल्यावर त्यांत काय काय बांधले गेले, ते न विचारलेलेच बरे. मी मूळ कागद. चित्रकाराने ज्यावर प्रत्यक्ष हात टेकला, शाई सांडली आणि सांडलेली शाई पांढऱ्या रंगाखाली लपवली, तो मी.

माझ्या अंगावर सहा चौकटी आहेत. त्यांत फारसे काही घडत नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे. जग वाचवायला निघालेली नायिका अठराव्या कागदावर उडते. माझ्यावर ती नुसत्या चपला शोधते. चौथ्या चौकटीत एक मांजर जांभई देते. सहाव्या चौकटीत नायिकेची आई दारात उभी राहून काहीतरी बोलते. काय बोलते, तीच तर माझी कहाणी आहे.

त्या काळी चित्रे एकाने काढायची, संवाद लेखकाने रचायचे आणि ते सुबक अक्षरात तिसऱ्याने उतरवायचे, अशी रीत होती. आमचे संवाद उतरवणाऱ्या तरुणाचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सारी कचेरी त्यांना मोतीराव म्हणे. वेगळ्या कागदावर संवादाचे फुगे लिहायचे, कात्रीने कापायचे आणि चित्रावर चिकटवायचे, हे त्यांचे काम. मी छापखान्यात जायच्या दिवशी लेखक तापाने फणफणला होता आणि शेवटचा फुगा रिकामाच राहिला होता. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा! मोतीरावांनी क्षणभर छताकडे पाहिले, गालातल्या गालात हसून एक ओळ लिहिली आणि हाताला लागेल त्या गोंदाने चिकटवली. तो गोंद होता पाकिटे बंद करण्याचा. चित्राच्या जाड कागदावर तो टिकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण घाईपुढे शहाणपण चालत नाही.

व्हायचे तेच झाले. छपाई उरकून मी परतलो आणि फुगा टेबलाखाली गळून पडला. मोतीरावांना तो सापडला, तेव्हा मी गठ्ठ्यात बांधला जाऊन गोदामात पोचलो होतो. तेव्हापासून माझी सहावी चौकट मुकी.

प्रकाशकाने दुकान गुंडाळले, तेव्हा आमचा गठ्ठा मूळ चित्रे विकणाऱ्या एका विक्रेत्याने उचलला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पारदर्शक पिशवीत घातले आणि एक कडक किंमत लावली. त्याची एक सवय होती. एखादा कागद चित्रकथांच्या मेळ्यातून न खपता परत आला, की पिशवीच्या पाठीवर तो एक लाल ठिपका लावी. उडणारी नायिका पहिल्याच मेळ्यात गेली. माझ्या पाठीवर सात ठिपके जमले. लोक मला उचलत, आईच्या उघड्या तोंडाकडे पाहून "ही ओरडतेय" किंवा "हिला शिंक येतेय" असे म्हणत आणि खाली ठेवत.

आठव्या मेळ्याच्या पहिल्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी थबकले. अक्षरांवरून बोट फिरवण्याची त्यांची तऱ्हा मी ओळखली. मोतीराव! सोबत त्यांच्या पत्नी होत्या.

"अगं, हेच ते! देऊन टाकू किंमत?"

"अहो, हळू!" बाईंनी त्यांना बाजूला ओढले. "चेहरा कोरा ठेवा. सासुरवाडीला आलेल्या नव्या जावयासारखं हसू नका. जन्म गेला माझा कापडाच्या दुकानात, विकणाऱ्याचं मन मला ठाऊक आहे. परवा शेवटचा दिवस, दुपारी यायचं. बांधाबांध करताना माणसाला स्वतःचाच माल जड वाटतो."

"आणि तोवर कुणी नेलं तर?"

"मुक्या बाईला कोण नेतंय!"

बाईंचा हिशेब बिनचूक होता. फक्त मांजर त्यांच्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या दिवशी एक मांजरप्रेमी सद्गृहस्थ आले. "एवढी चौथी चौकट कापून द्याल का? फ्रेम करीन म्हणतो." विक्रेत्याने मला उलटवले, ठिपके पाहिले आणि उसासा टाकला. "उद्या मेळा संपेपर्यंत अख्खं गेलं नाही, तर देतो कापून." त्यासाठी काढलेली कात्री दिवसभर माझ्या शेजारी पडून होती. मी काय सोसले, ते कागदालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या त्या सावकाश, इकडचे तिकडचे पाहत. मागे मोतीराव, चेहरा कोरा ठेवण्याच्या प्रयत्नात लालबुंद झालेले.

"भाऊ, हे पान पाठीमागून बघू?"

"पाठीमागून? सगळे पुढूनच बघतात, काकू."

"सात ठिपके! सात मेळे हिंडलंय म्हणायचं. पाय दुखत असतील बिचाऱ्याचे."

विक्रेता हसला. हसलेला विक्रेता अर्धा उतरलेला असतो. "मूळ शाई आहे, काकू."

"शाई सुरेखच आहे, मी कुठं नाही म्हणते? पण उडणारी पोर नाही, मारामारी नाही आणि बाई तोंड उघडून गप्प. एकदाच विचारते, मनापासूनचा भाव सांगा. पटला तर रोख मोजून नेईन, नाही पटला तर हसत जाईन."

"बरं, निम्म्यात न्या. मुकं आहे म्हणून."

या धंद्यात एक रीत आहे. सांगितलेल्या भावाला गिऱ्हाइकाने 'घेतलं' म्हटले, की तो भाव ब्रह्मदेवालाही मोडता येत नाही. तोवर मात्र विक्रेता मोकळा असतो. बाई 'घेतलं' म्हणणार, तोच मोतीराव मध्ये पडले.

"थांबा. असं फसवून घ्यायचं नाही. ह्या बाईचं बोलणं माझ्याकडे आहे."

"अहो!" बाईंनी कपाळावर हात मारला. "तोंडाशी आलेला घास!"

मोतीरावांनी खिशातून निबांची जुनी डबी काढली. तिच्या तळाशी माझा फुगा होता. विक्रेत्याने चिमट्याने तो सहाव्या चौकटीवर ठेवला. गोंदाच्या पिवळ्या डागावर तो तंतोतंत बसला.

"काका, पान आता मुकं नाही राहिलं," विक्रेता खाकरला. "म्हणजे भावही तो राहिला नाही."

बाई उसळून काही बोलणार, इतक्यात त्यांची नजर फुग्यावर गेली. चित्रकथांना त्या माकडचेष्टा म्हणत. एकही त्यांनी कधी वाचली नव्हती. ही ओळ त्यांनी वाचली :

'आधी जेवून जा. जग कुठं पळून जात नाही.'

"हे... हे तर मी म्हटलं होतं."

"हो. त्याच दिवशी सकाळी. मी तसाच, न जेवता निघालो होतो."

"आणि ते तुम्ही छापलंत?"

"दुसरं काही सुचलंच नाही. आई म्हटल्यावर आणखी काय बोलणार?" मोतीराव पुटपुटले. "पान मला माझ्या अक्षरासाठी नको होतं गं."

दोन दिवस नवऱ्याला कोऱ्या चेहऱ्याचे धडे देणाऱ्या बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पण दुकानदारीचा पिंड तो! आवाज जागेवर येताच त्या विक्रेत्याकडे वळल्या.

"भाऊ, पान तुमचं, पण बोल माझे आहेत. चाळीस वर्षं मला न विचारता वापरलेत. त्यांचा भाव सांगू का?"

विक्रेता पोट धरून हसला. "नको, काकू! निम्म्यातच न्या. पण काका, माझी एक अट. ह्या माझ्या किमतीच्या पाट्या बघा, कोंबडीचे पाय उमटलेत नुसते. पुढच्या मेळ्याआधी तेवढ्या लिहून द्याल?"

"घेतलं!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की शेजारच्या विक्रेत्याच्या हातून दोरी निसटली.

आता मी जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर आहे, ऊन येणार नाही अशा जागी. फुगा चांगल्या खळीने बसला आहे. मांजर शाबूत आहे. वाचकहो, कधी मेळ्यात गेलात, तर आम्हा कागदांना कृपा करून उलटून पाहा. नायक उडत असेल तेथे गर्दी असते आणि भावही उडत असतो. ज्याच्या पाठीवर ठिपके आहेत, त्याची विचारपूस करा. मालाला नावे ठेवू नका, मागायचे ते एकदाच आणि हसून मागा.

मोतीराव पाट्या लिहायला बसले, की आजही त्यांना वेळेचे भान राहत नाही. बाई मात्र हल्ली हाक मारत नाहीत. ताट मांडून झाले, की माझ्या सहाव्या चौकटीवरच्या काचेवर बोटाने टकटक करतात. मोतीराव वर पाहतात, वाचतात आणि निमूटपणे हात धुवायला जातात.