पुढच्या रांगेतला पाय

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, सुताराने मला शाळेच्या कचेरीसाठी घडवले. तिथे मी दोन हेडमास्तर सोसले. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला नाटकवाल्यांनी उचलले. त्यांचे थिएटर म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या रांगेने पाय पसरले, तर ते थेट नाटकात येतात.

नाटकात एकच माणूस. तो तासभर माझ्यावर बसून विचारतो, मी कशासाठी जगतो? उठायला त्याला कुणाची मनाई नसते, तरी तो उठत नाही. मला ते फारसे कळले नाही, पण तालमी ऐकून पाठ मात्र झाले.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी माझा पुढचा पाय चिरला. नटाने सरस लावून तो सुतळीने आवळला.

"हे वाळणार कधी? दुसरी खुर्ची आणू," दिग्दर्शक म्हणाला.

"नको, हिची सवय झालीय. आज ताई येणार आहे, नवीन काही नको."

ताई त्याची थोरली बहीण. तो नोकरी सोडून नाटकात पडला, म्हणून तिने अबोला धरला होता. संध्याकाळी ती आली आणि अगदी माझ्यासमोर, तोंड फुगवून बसली.

नाटक रंगात आले आणि सुतळी सैल झाली. चीर वाढू लागली. नटालाही ते जाणवले, त्याच्या मांड्या ताठ झाल्या. पण उठला तर नाटकच संपले! मी जीव मुठीत धरून उभी होते. मी मोडले असते तर खोलीभर खसखस पिकली असती, आणि ताईसमोर त्याची शोभा झाली असती.

कर्रर्र! ताईने खाली पाहिले. मला वाटले, आता ही म्हणणार, बरी जिरली. तिने चप्पल काढली, पाय हळूच पुढे सरकवला आणि माझ्या पायाला घट्ट टेकवला. भाराने तिचा पाय थरथरत होता, पण तिने तो काढला नाही.

शेवटचे वाक्य होते, "या जगात कुणाला कुणाचा आधार नसतो." ते म्हणताना नटाची नजर खाली गेली आणि तो मध्येच अडला. वाक्य त्याने कसेबसे पुरे केले. लोकांना वाटले, काय अभिनय आहे! टाळ्या थांबेनात.

"आधी खुर्ची दुरुस्त कर," डोळे पुसत ताई म्हणाली, "मग जगाचं बघ."

दुसऱ्याच दिवशी सुतार आला. मित्रांनो, आमची डागडुजी वेळेवर करत जा. दर प्रयोगाला पुढच्या रांगेत ताई नसते.