तळहातावरचा लोचो

योगिताने कोसाडच्या मैत्रिणीकडून दोन पाळीव उंदीर आणले, त्या दिवशी लिंबायतमधल्या तिच्या घरच्या दोन खोल्यांत नुसता कहर झाला. उंदरांच्या प्लेगच्या साली शहर सोडून ताप्ती लाइनच्या गाडीला लोंबकळत गावाकडे, अमळनेरला, पळालेला माणूस तिचा बाप पंडित. "लोके पिंजरामा उंदरे धरतस नि बाहेर सोडतस. तू बाहेरथून घरमा लई उनी!" पंडितने कपाळावर हात मारला. त्याच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, माहेरी निघून जायची धमकी दिली. पण पोरगी एकुलती एक, तीही उशिरा झालेली. तिच्यापुढे दोघांचंही काही चालत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

एकाचं नाव लोचो, दुसऱ्याचं खमण; दोन्ही तिच्या आवडत्या फरसाणांची नावं. उंदीर एकटा झुरतो, म्हणून जोडी पाळायची, हे योगिताने बापाला मोबाइलवर मोठ्या अक्षरांत टाइप करून दाखवलं. त्याच्याशी बोलायची हीच रीत होती. तीस वर्षं लूमच्या खटखटाटात उभं राहून पंडितचे कान पार गेले होते. आता काम सुटलं होतं. मायलेकी आपसात बोलायच्या, हसायच्या आणि हा दोघींच्या तोंडांकडे बघत बसायचा. काय झालं म्हणून विचारलं, की 'काही नाही' असा हात हलवायच्या. त्यात वाईट काही नव्हतं; प्रमिलाबाईंना टाइप करता येत नव्हतं आणि योगिताला दर वेळी कंटाळा यायचा. पण त्या 'काही नाही'ने माणूस घरात असून परका झाला होता.

योगिता कॉलेजला गेली की उंदरांचं सगळं पंडितच्या गळ्यात. रोज पिंजऱ्यातला कागद बदलायचा, पाण्याची बाटली धुवायची, भात-मटार घालायचे. एकदा त्याने मायेने सुताचा गुंता अंथरला, तर पोरीने धावत येऊन काढला. धागा पायाला आवळला तर पाय जातो म्हणे. जन्म धाग्यात गेला आणि हे आपल्याला सुचू नये, म्हणून पंडित दिवसभर स्वतःवरच चिडून होता.

मग एका सकाळी लोचो त्याच्या तळहातावर बसला, डोळे मिटले, आणि त्याच्या अंगाची बारीक थरथर हाताला जाणवली. पंडित घाबरला. योगिताने टाइप केलं, 'खूश आहे तो. खूश असले की दात घासतात. मला तर ऐकूही येत नाही, तुम्हाला कसं कळलं?'

न कळायला काय झालं! लूमवर नुसता हात ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगणारा कारीगर होता तो. त्या दिवसापासून सकाळचा चहा एका हातात आणि दुसऱ्या हातात लोचो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी थरथर बदलली. ही दातांची नव्हती, छातीची होती. खरखरीत, मधेच अडकणारी.

"याना छातीमा कचरा शे," पंडित म्हणाला. "डाक्टरकडे लई चाल."

योगिताने लोचोला कानाशी धरलं आणि नकारार्थी मान हलवली. टाइप केलं, 'खातोय, पळतोय. काही नाही, पप्पा.'

पुन्हा तेच! पंडितचा आवाज चढला. "तुना कानले काय समजस? मना हात सांगी ऱ्हायना!"

बापाचे डोळे भरलेले पाहून ती उठली. रिक्षा करून दोघं पर्वत पाटियाच्या प्राण्यांच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी लोचोच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढली नाही. मग योगिताची बोटं मोबाइलवर फिरली. 'इन्फेक्शन आहे. उंदीर आजार लपवतात. आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागला नसता. डॉक्टर विचारताहेत, कुणी ओळखलं?' आणि तिने बोट बापाकडे केलं.

घरात धूर होतो का, हेही डॉक्टरांनी विचारलं होतं. होत होता. उंदरांचा वास नको म्हणून प्रमिलाबाई रोज पिंजऱ्याशेजारीच धूप जाळायच्या. कळल्यावर बाई रडल्या आणि धूपदाणी गॅलरीत गेली.

केळ्याच्या घासात लपवून औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी लोचोने केळंही सोडलं. अंगाचा गोळा करून तो नुसता पडून राहिला. योगिता औषध नि पेज थेंब थेंब पाजत होती, खमण त्याला बिलगून बसत होता, आणि माहेरी निघालेल्या प्रमिलाबाई पिंजऱ्यापासून हलत नव्हत्या.

नवव्या सकाळी पंडितने लोचोला तळहातावर घेतलं. समोर मायलेकी श्वास रोखून उभ्या. आज त्या दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होत्या! एकदा त्याला वाटलं, आपणही हात हलवून 'काही नाही' म्हणावं. पण जीव झाला नाही. त्याने डोळे मिटले. छाती स्वच्छ होती. आणि थोड्या वेळाने, हळूच, ती जुनी थरथर.

"दात घसी ऱ्हायना," तो म्हणाला. "चांगला व्हयना."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. प्रमिलाबाई डोळे पुसत काहीतरी बोलल्या. पंडितने विचारलंही नव्हतं, तरी योगिताने मोबाइल पुढे धरला. 'आई म्हणते, देवाचे आभार मानू की तुमचे?'

पंडितने ते दोनदा वाचलं.

"आभार याना मान," तो लोचोच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाला. "मना हातले यानीच काम दिधं."