हळदीचं रक्त

कोपर गावातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर त्रिनाथबाबा माझ्या धाकट्या बहिणीचे, ऋजुताचे हात सगळ्यांना दाखवत होते. दिवसाला साठ-सत्तर वेळा धुऊन त्या हातांची सालटी निघाली होती.

"ही पोरगी हात धुते? चूक! हिच्या आतली बाई धुते! माझ्या कपाळात सीसीटीव्ही आहे, मला सगळं दिसतं!"

बाबांनी तिच्या तळव्यांना भंडारा चोळला, वरून तांब्यातलं 'तीर्थ' सोडलं. हात लालभडक झाले. बायका किंचाळल्या, कोणी जयजयकार केला.

"रक्त! बाई बाहेर पडतेय! आता त्या विषारी गोळ्या या ताटात टाक."

गोळ्या माजिवड्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. श्रिया कारखानीस यांनी दिलेल्या. 'गुण यायला दोन-तीन महिने लागतील, मधेच बंद करू नका,' असं त्यांनी बजावलेलं. पण तीन आठवड्यांत काही फरक दिसेना, म्हणून आईचा धीर सुटला आणि आम्ही इथे आलेलो.

"टाक गं," आई रडवेली होऊन म्हणाली.

ऋजुता हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, हे मी रोज बघते. हळदीच्या हाताला साबण लागला की असाच लाल होतो. माझ्याइतके हात या हॉलमध्ये कोणी धुतलेत?"

"बाईच बोलतेय ही!" बाबा गरजले.

"मीच बोलतेय. तुमचा हात द्या."

बाबांनी हात मागे घेतला. तिने तो धरलाच. जी मुलगी दाराची कडीसुद्धा कागदाने धरते, तिने परक्या माणसाचा घामट हात धरला. त्यावर भंडारा चोळला आणि तांब्या ओतला. बाबांचा तळवा लाल!

"तुमच्यात कुठली बाई शिरली, बाबा?"

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. ऋजुताने पूजेच्या ताटातलं कापलेलं लिंबू त्याच तळव्यावर पिळलं. लाल रंग पिवळा झाला.

"गेली! तीर्थ नाही हे, चुन्याची निवळी असणार. हळद चुन्याने लाल होते, लिंबाने परत पिवळी. घरी जाऊन करून बघा."

सेवेकऱ्याने माईक बंद केला. ती तशीच ओरडून बोलली, "मी आजारी आहे, झपाटलेली नाही! हात स्वच्छ झालेत हे मला कळतं. पण 'झालं, थांब' हा निरोप माझ्या मेंदूत नीट पोचत नाही. गोळ्या मी टाकणार नाही!"

घरी येऊन तिने अर्धा तास हात धुतले. चमत्कार तिच्याही बाबतीत झाला नाही.

पुढच्या वेळी आई आमच्यासोबत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तिला समजावलं, "मेंदूत निरोप नेणारी रसायनं असतात. गोळी त्यातल्या एकावर, सेरोटोनिनवर काम करते. या आजाराचं सगळं कोडं अजून विज्ञानाला सुटलेलं नाही, पण औषधाने पुष्कळांना आराम पडतो, हे तपासून पाहिलेलं आहे. सोबत सराव हवा. कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, मग आपोआप उतरते."

सराव करताना ऋजुता रडायची. आई शेजारी बसून राहायची. सहा महिन्यांनी हात धुणं दहा-बारा वेळांवर आलं. वाईट दिवस अजूनही येतात.

परवा शेजारच्या आवडाबाई आल्या. त्यांची सून गॅस बंद आहे का, हे वीस-वीस वेळा बघते. त्यांना बाबांचा पत्ता हवा होता.

आईने डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. "साखर वाढली तेव्हा तुम्ही डॉक्टरकडेच गेलात ना? मग सुनेला बाबाकडे का? हा ऋजुतासारखाच आजार दिसतोय. मेंदू काय अंगाबाहेर असतो? उद्याच न्या तिला. लागलं तर मी येते बरोबर."