जागृत झालेली बॅटरी

नालासोपाऱ्याच्या कल्पेशबाबांच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डेरिकच्या ड्रोनची मेलेली बॅटरी बाबांनी फडक्याने झाकलेल्या पेटीला जोडली आणि डोळे मिटले. "नजर लागलीय हिला. ऊठ माते, ऊठ!" पेटीवरचा दिवा लागला. गर्दीने हात जोडले.

लिडिया टीचरांनी कपाळावर हात मारला. उभा जन्म फिजिक्स शिकवण्यात गेला, आणि सख्खा भाचा डेरिक बॅटरीला माता म्हणणाऱ्याच्या पाया पडत होता!

"आंटी, माझ्या चार्जरने हात टेकलेले," डेरिक म्हणाला. "ईस्टर झाला, लग्नांचं शूटिंग तोंडावर आलंय. बाबांनी उठवली ना?"

"पेटी घरी न्या," बाबा म्हणाले. "तुमच्या बाळाच्या उशाशी ठेवा, त्यालाही नजर लागणार नाही. बॅटरी रात्रंदिवस जोडलेली ठेवा. फुगली तर समजा, शक्ती भरतेय."

टीचर नको नको म्हणत राहिल्या. ऐकतो कोण?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गिरीजला डेरिकच्या घरी गेल्या. पाळण्यात त्याची तान्ही मुलगी एलिसा झोपलेली. शेजारच्या स्टुलावर पेटी, आणि बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. टीचर डेरिकच्या बायकोला ओरडल्या,

"मर्लिन, बाळाला घेऊन बाहेर हो! डेरिक, मेन स्विच बंद कर!"

डेरिकने बॅटरी फावड्यावर घेतली आणि वाडीतल्या वाळूच्या ढिगावर टाकली. तो मागे सरतो न सरतो तोच फस्सकन धूर सुटला आणि जाळ उसळला. मर्लिन एलिसाला छातीशी धरून रडायला लागली.

टीचरांनी पेटीवरचं फडकं ओढलं. आत जुनाट, उघड्या तारांचा चार्जर.

"ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात आपल्यात लग्नं नसतात," त्या डेरिकला म्हणाल्या. "म्हणून वापरून रिकामी झालेली बॅटरी तू तशीच कपाटात टाकलीस. ती अजून उतरत गेली, आतून बिघडली. अशी बॅटरी भरणं धोक्याचं, म्हणून तुझ्या चार्जरने नकार दिला. शहाणा होता तो! हा बाबांचा चार्जर कशालाच नाही म्हणत नाही. पूर्ण भरल्यावरही भरतच राहिला. आत गॅस झाला आणि ती फुगली. हीच ती शक्ती."

कुंपणापलीकडून शेजारचा जेन्सन म्हणाला, "पन टीचर, बालावरचं संकट बाबांनी बॅटरीवर घेतलं बघा."

टीचर पायरीवर बसल्या.

"संकट त्या बाबानेच घरात पाठवलं रे. आणि आपण त्याला 'का?' असं विचारलंच नाही. का फुगते, का जोडून ठेवायची, एवढं तरी विचारत जा. कुणाला राग आला तर येऊ दे. बाळ आपलं आहे."